बुडालेल्या विहिरीवरचा चारा

माझ्या थोरल्या चुलत्याला, नानाला, बांध कोरायची खोड होती. बाकी माणूस निर्व्यसनी. तंबाखूसुद्धा नाही, आणि हे तो चारचौघांत आवर्जून सांगायचा. पण औत घेऊन आमच्या बांधाकडेला आला की त्याचा हात आपोआप आमच्या बाजूला कलायचा. वर्षाला एक तास. तास म्हणजे नांगराची एक रेघ, फार तर वीतभर रुंद. वीतभर मातीसाठी कोण कचेरी चढणार? माझे वडील, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, ते तर नाहीच. ते नुसते बांधावर उभे राहून बघायचे आणि घरी येऊन आईला म्हणायचे, "जाऊ दे. भाऊच हाय."

भाऊच हाय म्हणता म्हणता आमच्या भातखाचराची एक अख्खी कड गेली. धरणाची मोजणी लागणार असं कळलं तेव्हा चुलत्याने मंचरहून काटेरी तारेची भेंडोळी आणली, दगडी खांब रोवले आणि आमच्याच जमिनीवर कुंपण ठोकलं. आबा पहिल्यांदाच बोलले, "नाना, हितं तार नको." नाना हसला. मोजणीवाल्यांना डोळ्यांसमोर कुंपण दिसलं, बांध कुठे होता ते दिसणार कसं? ती पट्टी नानाच्या नावावर लागली. त्याला बदल्यात कालव्याखाली काळी जमीन मिळाली, तिच्यातला कांदा तो पुढे टेम्पो भरभरून आळेफाट्याला नेऊ लागला. आमच्या वाट्याला मुरमाड आली. कुंपणाने शेत खाल्लं असं लोक सहज बोलून जातात, आमच्याकडे ते खरोखर झालं.

मग धरण भरलं आणि भांडणाची जमीनच पाण्याखाली गेली. खाचर गेलं, कुंपण गेलं, आणि आबांनी आजोबांबरोबर स्वतःच्या हाताने खोदलेली, दगडांनी बांधून काढलेली विहीरही गेली. आम्ही वर टेपावर, म्हणजे उंचवट्यावर, नव्या वस्तीत आलो. मी तेव्हा अकरावीत होते.

आमच्याकडे लेक माहेरी आली की तिला मोकळ्या हाताने पाठवत नाहीत. साडीचोळीचं सोडा, ती दुकानात मिळते. आपल्या वावरातलं काहीतरी द्यायचं. आत्या यायच्या तेव्हा आबा त्यांच्या पिशवीत नव्या भाताचे तांदूळ घालायचे, आणि ते तांदूळ त्या खाचरातले असायचे. माझं लग्न झालं तोवर खाचर उरलं नव्हतं. दोनच लेकी आम्ही, भाऊ नाही. धाकटी नगरकडे दिलेली, ती दोन-दोन वर्षं यायची नाही. मी मंचरच्या पुढे दिलेली, मी दर भाऊबीजेला यायचे, चुलतभावाला ओवाळायचे. हो, त्याच नानाच्या पोराला. तर पहिल्या वर्षी मी निघाले तेव्हा आबांनी मला पळसाच्या पानात बांधलेला चार किलोचा रोहू दिला. म्हणाले, "आपल्या हिरीतला हाय. वावरातलाच म्हन."

ती विहीर आबांना पाण्यावरून सापडायची. समोरच्या डोंगराच्या कड्यातली खाच आणि अलीकडच्या टेकाडावरचं एकटं जांभळाचं झाड एका रेषेत यायला हवं. आणि उजव्या हाताला वस्तीच्या टाकीमागे शाळेचं कौलारू टोक दिसायला हवं. दोन्ही रेषा जुळल्या की ट्यूब तिथे थांबवायची, खाली विहीर. ट्यूब म्हणजे ट्रकच्या टायरच्या दोन ट्यूबा, वर फळ्या बांधलेल्या. आमच्या वस्तीत तीच होडी. खूण म्हणून आबांनी तिथे तेलाचा पाच लिटरचा पांढरा कॅन दोरीला बांधून, दोरीच्या दुसऱ्या टोकाला धोंडा लावून सोडला होता.

पावसाळ्यात त्या पाण्यात काही अर्थ नसतो. लाल गढूळ पाणी, मासा पांगलेला. कोजागिरीनंतर पाणी निवळत जातं आणि दिवाळी उलटली की खरी मजा. पाणी तुडुंब असतं, हलत नाही, रब्बीचं आवर्तन, म्हणजे कालव्याला सोडायचं पाणी, अजून सुटलेलं नसतं. पहाटे धुकं इतकं की ट्यूबवर बसलं तर आपले पाय दिसत नाहीत. वरचं पाणी बर्फ, खालचं त्यामानाने ऊबदार, म्हणून मासा खाली बसतो आणि विहिरीसारखी खोल जागा मिळाली तर तिथेच गोळा होतो. नऊ-दहा वाजता ऊन पाण्यात शिरलं की वर येऊन विहिरीच्या दगडांवरचं शेवाळ खातो. तीच वेळ गळाची. वारा उगवतीचा असला तर घरी बसावं, मासा तोंड उघडत नाही.

थंडीत मासा आळशी होतो, हावरटासारखा गळ ओढत नाही. आबांचा तरंगता बोया म्हणजे मोरपिसाच्या दांड्याचा तुकडा. पावसाळ्यात तो डुबकन खाली जातो, कार्तिकात नुसता जरासा कलतो. कलला की झटका द्यायचा, बुडायची वाट पाहिली तर गेला. गळ लहान लावायचा, आमिष मऊ: शेंगदाण्याची पेंड, भाताचा कोंडा आणि कणीक, रात्रभर भिजवून आंबूस केलेली. आणि सगळ्यात मोठं काम चारा टाकण्याचं. त्याच पेंड-कोंड्याचे नारळाएवढे गोळे करून रोज ठरल्या वेळी, ठरल्या जागी सोडायचे. आठ-दहा दिवस गळ टाकायचाच नाही, नुसतं खाऊ घालायचं. मग त्या जागेला मासा पाळलेल्या कोंबड्यांसारखा येतो.

आबा असे आठ-दहा दिवस खाऊ घालायचे आणि नाना जाळं लावायचा.

हे लग्नानंतर दुसऱ्या वर्षी सुरू झालं. कार्तिकी एकादशीला आमच्या भागात कोणी मासा शिवत नाही. एकादशी सुटली की मात्र चार महिने पाळणारेसुद्धा मासे शोधत फिरतात. नानाने हे बरोबर हेरलं. एकादशीच्या दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, पहाटेच्या धुक्यात तो ट्यूब घेऊन आमच्या कॅनपाशी जायचा, कॅनभोवती अर्धगोल जाळं सोडायचा, खालची कड दगडांनी तळाला टेकवायचा आणि मग काठीने पाणी बडवून विहिरीतला मासा हुसकायचा. आयत्या बिळावर नागोबा. आबा ऊन आल्यावर जायचे तेव्हा मोरपीस बामणासारखं सोवळं उभं.

आबा एकदा त्याला म्हणाले, "नाना, हीर माझी व्हती."

"व्हती ना? मंग?" नाना म्हणाला. "पान्याला सातबारा असतो व्हय? आन् कुनासाठी राखतो? तुला काय पोरगा हाय?"

मी तिथे उभी होते. दहाच दिवसांपूर्वी मी त्याच्याच पोराला भाऊबीजेला ओवाळून आले होते. माझ्या अंगाची लाही झाली. आबा नेहमीसारखे पाठ फिरवून घराकडे चालू लागले. त्या वर्षी निघताना आबांनी घोडेगावच्या बाजारातले तांदूळ पिशवीत घातले आणि माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या वर्षीही तांदूळच. मी ते सासरी नेऊन डब्याच्या तळाशी ओतले. कोणाला सांगितलं नाही कुठले ते. मला मासा नको होता हो, मासे काय मंचरला ढिगाने मिळतात. पण वर्षातून एकदा माझ्या बापाला आपल्या वावरातलं काहीतरी लेकीला देता यावं, एवढंच त्याचं उरलं होतं, आणि ते या माणसाने काठीने बडवून काढून नेलं होतं. दोन वर्षं मी भाकरी थापताना, कपडे धुताना, एसटीत बसल्या बसल्या नानाचं काय करायचं याचा विचार करत होते. जाळं रातोरात कापावं? तो दुसरं आणेल. ट्यूब फोडावी? पंक्चर दहा मिनिटांत निघतं. मला त्याची खोड मोडायची होती.

लग्नानंतर चौथ्या वर्षी मी भाऊबीजेला आले तर आबा अंथरुणावर. छातीत कफ, खोकून खोकून कंबर धरलेली. डॉक्टरने थंडीत पाण्यावर जायचं नाही म्हणून बजावलेलं. आबांचा जीव मात्र विहिरीपाशी. मला म्हणाले, "बाय, तू चारा टाकशील का? नुसता चारा. पुनवेपतूर मी उठतो बघ. औंदा तुला मोकळी न्हाई धाडायचो."

पहिल्या सकाळी मी ट्यूब वल्हवत गेले. दोन्ही रेषा जुळवल्या, कॅनपाशी थांबले, गोळे सोडले. परत फिरण्याआधी डावीकडे पाहिलं आणि डोक्यात लख्ख झालं. नानाचं कुंपण कुठेशी येतं? मी लहानपणी त्या तारेत परकर फाडून घेतलेला. विहिरीच्या कठड्यापासून कुंपण फार तर पंचवीस-तीस हात. नानाने खांब काढले नव्हते, तार काढली नव्हती. त्याला गडी लावावे लागले असते. पाण्याखाली ती तशीच उभी होती, गंजत.

आणि माझ्याजवळ नऊ दिवस होते.

दुसऱ्या दिवशी मी कॅनचा धोंडा उचलला आणि तीन हात डावीकडे ठेवला. चारा तिथेच सोडला. तिसऱ्या दिवशी आणखी तीन हात. वीतभर तुकड्यासाठी कोण भांडणार, तीन हात पाण्यासाठी कोण बघणार? मासा चाऱ्यामागे सरकतो, त्याला काय, तीन हात म्हणजे शेपटीचा एक फटकारा. आणि नाना कॅन बघतो. धुक्यात डोंगर दिसत नाही, जांभूळ दिसत नाही, शाळा दिसत नाही. पांढरा कॅन तेवढा हाताशी आल्यावर दिसतो. ऊन पडल्यावर त्याने रेषा जुळवून पाहिल्या असत्या तर मी पकडले गेले असते. पण जो माणूस जन्मभर दुसऱ्याचा बांध कोरतो त्याला आपलाही कोणी कोरतंय हे स्वप्नातसुद्धा येत नाही.

काठावर तो मला रोज भेटायचा. कालव्याखाली घर बांधलं होतं तरी दिवाळीत वर आमच्या वस्तीत मुक्काम ठोकून असायचा, एकादशीची वाट बघत. माझ्या हातातली रिकामी पाटी बघून म्हणायचा, "टाकला का चारा? लई कष्ट घेती राव आमची पोर."

"तुमच्यासाठीच घेते, नाना," मी म्हणायचे. खोटं एक अक्षर नव्हतं.

आईला मी पाचव्या दिवशी सांगितलं. तिने चुलीपुढून मान वर केली, माझ्याकडे टक लावून बघितलं आणि विचारलं, "कोंडा पुरंल का?" वरच्या शेजारणीकडून ती आणखी पायलीभर मागून घेऊन आली. पेंड वाटताना तिच्या पाट्याचा आवाज त्या दिवसांत वेगळाच येत होता. आबांना आम्ही दोघींनी काही सांगितलं नाही.

एकादशीला मी उपास केला. मनापासून केला.

द्वादशीला पहाटे मी धुण्याचं पातेलं घेऊन काठावर जाऊन बसले. धुकं होतंच. नानाची ट्यूब जाताना दिसली नाही, वल्ह्याचा चुबुक चुबुक आवाज ऐकू आला. मग जाळ्याचे दगड पडल्याचे आवाज, एकेक करून. जाळं कोरं होतं, त्याच वर्षी आणलेलं. चांगलं शंभर-सव्वाशे हात लांब. गावात सगळ्यांना दाखवून झालं होतं. मग काठीचे तडाखे सुरू झाले. मी एक साडी दहा वेळा पिळली.

ऊन आलं, धुकं फाटायला लागलं, तेव्हा काठावर सात-आठ बाया धुणं घेऊन आल्या होत्या, चार-दोन गडी दात घासत उभे होते. मधोमध नाना. जाळं ओढत होता आणि जाळं येत नव्हतं. मासा भरपूर लागला होता, वरच्या कडेचे बोये थरथरताना दिसत होते, दोन कटला मासे तर पाण्यावर पांढरे फटकारे मारत होते. नानाने दोरी हाताला गुंडाळली, पाय फळीला लावले आणि जोर केला. ट्यूब कलली. पुन्हा जोर केला. मग त्याने हात झटकला, तळव्याला दोरीने चर पडला असणार. तिसऱ्या ओढीला जाळ्याची खालची कड हातभर वर आली, आणि तिच्यात अडकलेली काळी, गंजकी, काट्यांची तार.

त्याने ती ओळखली. स्वतःच्या पैशाची वस्तू माणूस कुठेही ओळखतो. त्याने कॅनकडे बघितलं. मग डोंगराकडे, मग जांभळाकडे, मग शाळेच्या टोकाकडे. रेषा जुळवत होता. मग सावकाश वळून काठाकडे बघितलं, माझ्याकडे.

मी उठून उभी राहिले. हे वाक्य मी नऊ दिवस घोटलं होतं. हाताचा कर्णा करून ओरडले, "नाना, कुंपन तुमचंच हाय! आमी तवाच नको म्हनत व्हतो!"

बाया आधी समजल्या, मग गडी. एकजण दात घासता घासता इतका हसला की त्याला ठसका लागला. नानाने मान फिरवली. कमरेची सुरी काढली, हाताशी आलेलं दहा-पंधरा हात जाळं कापून घेतलं आणि बाकीचं आहे तिथे सोडून दिलं. काठाला आला तेव्हा त्याच्याकडे तीन लहान रोहू होते. चोरावर मोर म्हणतात तो मोर त्या दिवशी माझ्या छातीत नाचत होता. घरी जाऊन आईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली आणि हसत खाली बसली. आईला तसं हसताना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. त्या संध्याकाळी आम्ही तुळशीचं लग्न असं लावलं, जसं काही घरातलंच कार्य.

दुसऱ्या दिवशी मी कॅन परत विहिरीवर आणून ठेवला, रेषा चारदा जुळवल्या आणि पोटभर चारा टाकला. त्याच दिवशी आवर्तन सुटलं. पाणी बोटा-बोटाने उतरायला लागलं आणि धरणाच्या भिंतीकडे हळूच ओढ घेऊ लागलं. मी तिकडे लक्ष दिलं नाही. पौर्णिमेला दोन दिवस होते.

पौर्णिमेला आबा खरोखर उठले. आईने दिलेला काढा प्यायले, मफलर गुंडाळला आणि ऊन चांगलं वर आल्यावर मला बरोबर घेऊन निघाले. मी वल्हवत होते, ते पुढे बसून गळ नीट करत होते. नव्या गळाला कणकेची गोळी लावताना त्यांचा चेहरा सणाचा होता. मोरपीस पाण्यावर उभं राहिलं. थोड्या वेळाने जरासं कललं. आबांनी झटका दिला आणि दोर ताणला गेला.

"लागला," ते म्हणाले. "जड हाय."

जड होता, पण हिसके देत नव्हता. आबा सावकाश ओढत राहिले. आधी वास आला. मग पाण्यातून नायलॉनचा गुंता वर आला, आणि त्या गुंत्यात ओळीने रोहू. मोठे, आमच्या विहिरीतले, आमचा चारा खाऊन पोसलेले. कल्ल्यात जाळं रुतलेलं, डोळे पांढरे, पोटं फुगून फाटलेली. कापलेल्या जाळ्याचं एक टोक तारेत घट्ट होतं आणि दुसरं मोकळं टोक पाण्याच्या ओढीने फिरत येऊन बरोबर विहिरीच्या तोंडावर पसरलं होतं. बोये माशांच्या वजनाने पाण्याखाली दबलेले, दगड शाबूत. माणसाशिवाय ते जाळं दिवसरात्र मासा धरत होतं. वर मी दोन दिवस चारा टाकून मासा बोलावत होते.

आबांनी गळ सोडवायचा प्रयत्न केला, सुटला नाही, मग दोर दाताने तोडला. गुंता परत खाली गेला.

"हे नानाचं जाळं," ते म्हणाले. "हिरीवर कसं आलं?"

मी सगळं सांगितलं. सांगताना मला वाटत होतं, ऐकून तरी हसतील. तीन-तीन हात कसा सरकवला, तार कशी वर आली, मी काय ओरडले. ते वाक्यसुद्धा म्हणून दाखवलं.

आबा पाण्याकडे बघत होते. नजर न काढता म्हणाले, "त्यानं मासं नेलं व्हतं. तू हीर नेली, बाय."

मी भांडले. इतकी वर्षं तुम्ही गप्प बसलात म्हणून हे झालं, म्हणाले. बांध गेला, पट्टी गेली, तुम्ही भाऊच हाय म्हणत राहिलात, कोणीतरी हिशोब पुरा करायला नको का? आबांनी उरलेला दोर गुंडाळला. वल्हं माझ्या हातातून घेतलं आणि खोकत खोकत ट्यूब काठाला आणली. ते जाळं उन्हाळ्यात पाणी उतरेपर्यंत तिथेच राहणार होतं, आणि नायलॉन कुजत नाही.

दुसऱ्या दिवशी मी निघाले. आबांनी पिशवीत काहीच घातलं नाही. बाजारचे तांदूळही नाहीत; मला वाटतं, या वेळी खोटं करायचं त्यांच्या जिवावर आलं. एसटीच्या थांब्यावर आम्ही दोघं उभे होतो. तेवढ्यात नाना आला. डाव्या तळव्याला फडकं बांधलेलं. उजव्या हातात पानात बांधलेला एक मासा, चांगला तीन-साडेतीन किलोचा, दुसऱ्या कुठल्यातरी डोहातून गळाने काढलेला. थांब्यावर दहा-बारा माणसं होती. द्वादशीला हसलेली त्यातलीच.

"लेक मोकळी चालली व्हय रं?" नाना आबांना म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "आसं बरं दिसत न्हाई. घे पोरी. चुलत्याचा हाय, पर भरलेला हाय."

मी हात पुढे केला नाही. मला तो मासा त्याच्या तोंडावर फेकायचा होता, आणि मी फेकलाही असता. पण आबा म्हणाले, "घे." मी त्यांच्याकडे बघितलं. "घे म्हनलं ना. मोकळी जाऊ नको."

मी पदर पुढे केला. नानाने मासा पदरात ठेवला आणि दोन पावलं मागे सरून समाधानाने उभा राहिला. गाडी आली. मंचरपर्यंत पानातून पाणी गळत होतं आणि माझी साडी गुडघ्यापाशी ओली होत होती. मी एकदाही मासा मांडीवरून खाली ठेवला नाही.

घरी सासूबाईंनी पान सोडलं आणि खूश झाल्या. "या वर्षी गावला म्हणायचा," त्या म्हणाल्या. "विहिरीतलाच ना? तुझ्या आबांच्या?"

"हो," मी म्हणाले. "आबांच्याच विहिरीतला."

त्या रात्री मी कालवण केलं, सगळ्यांना पोटभर वाढलं, आणि जो जो बोटं चाटत चांगला झालाय म्हणाला त्या प्रत्येकाला आबांनी धाडलाय म्हणून सांगितलं. नानाचा एक काटाही मी नानाच्या नावावर राहू दिला नाही.